हलकी गाडी म्हणजे किती हलकी?

भंडाऱ्याहून साकोलीकडे निघाले की लाखनीच्या अलीकडे गडेगाव लागते. तेथे अशोक लेलँडचा कारखाना आहे आणि त्यात मालमोटारींचे गिअरबॉक्स तयार होतात. भंडारा शहराजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. त्यामुळे गाड्या आणि लष्कर हे दोन्ही विषय आमच्या जिल्ह्यातल्या मुलांना परके नाहीत. यंत्रांचा पाठ चालू असला की वर्गात एक प्रश्न हमखास निघतो : लष्कराची जिप्सी चांगली की सफारी? मग वर्गात दोन पक्ष पडतात. एक पक्ष अश्वशक्तीचे आकडे सांगतो, दुसरा जिप्सीच्या डोंगर चढण्याच्या गोष्टी सांगतो, आणि तास संपतो.

या प्रश्नाकडे जरा शिस्तीने पाहावे म्हणून हा लेख. वर्तमानपत्रांतून आणि मोटारविषयक मासिकांतून लष्करी गाड्यांवर जे लिहिले जाते, त्यात बहुधा इंजिनाची शक्ती, गाडीचा रुबाब आणि आतली सोय यांचेच वर्णन असते. गाडी कोणत्या जमिनीवर, किती ओझे घेऊन, कोणाच्या देखभालीखाली आणि कोणत्या धोक्यात चालणार आहे, हे क्वचितच विचारले जाते. आमचे म्हणणे असे, की ‘योग्यता’ हा गाडीचा रंगासारखा अंगचा गुण नव्हे. गाडी आणि तिचे काम यांच्यातले ते नाते आहे. काम बदलले की तीच गाडी योग्यची अयोग्य ठरते. हे सगळे शालेय पदार्थविज्ञानाच्या आधाराने तपासता येते, आणि आम्ही तेच करणार आहोत.

पहिली अट आणि तिचे काय झाले

लष्करी हलक्या गाडीची कथा १९४० साली सुरू होते. युरोपात युद्ध पेटले होते. अमेरिकी सैन्याला घोडा आणि मोटारसायकल यांची जागा घेणारी एक लहान गाडी हवी होती. कारखानदारांपुढे ठेवलेल्या अटी मोठ्या कडक होत्या : रिकाम्या गाडीचे वजन १,३०० पौंड, म्हणजे सुमारे ५९० किलोपेक्षा जास्त नको, ओझे मात्र सुमारे ३०० किलो वाहता आले पाहिजे, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाला पाहिजे, आणि नमुना ४९ दिवसांत तयार पाहिजे. बँटम या लहानशा कंपनीने नमुना वेळेत दिला, पण वजनाची अट कोणालाच पाळता आली नाही. शेवटी ती मर्यादाच वाढवावी लागली, आणि युद्धात लाखोंनी बनलेली जी जीप आपण चित्रांतून पाहतो, तिचे वजन एक टनाच्या थोडे वरच गेले.

या आकड्यांवर थोडे थांबावे. मूळ अटीप्रमाणे १ किलो ओझ्यामागे २ किलो गाडी असायला हवी होती. प्रत्यक्षात जीपचे ओझे सुमारे ३६० किलो आणि वजन एक टनाच्या वर, म्हणजे १ किलोमागे जवळजवळ ३ किलो गाडी. हे गुणोत्तर आपण ‘गाडीचा भार’ म्हणू. हलकेपणा मोजण्याचे हे एक सोपे आणि प्रामाणिक माप आहे. नुसते वजन सांगून भागत नाही. सायकल हलकी असते, पण ती तोफेची पेटी वाहून नेत नाही.

युद्धानंतर ही जीप महाराष्ट्रात आली. मुंबईत १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीने, म्हणजे आजच्या महिंद्र अँड महिंद्रने, विलिस जीप येथे जुळवायला आणि पुढे बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे ‘जीप’ हे कंपनीचे नाव राहिले नाही, तो गाडीचा प्रकारच झाला. गटविकास अधिकाऱ्यापासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत सगळीकडे जीप दिसू लागली. सैन्यातही ती होतीच. तिच्या जोडीला जबलपूरच्या वाहन निर्माणीत जोंगा बनू लागली. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. तिचा मूळ आराखडा जपानच्या निसान पेट्रोल या गाडीचा. सहा सिलिंडरचे जवळजवळ ४ लिटरचे पेट्रोल इंजिन तिच्यात होते. जोर भरपूर, पण तहानही तितकीच मोठी. दूरच्या चौकीवर इंधनाचा प्रत्येक डबा दुसऱ्या गाडीने पोचवावा लागतो. तेथे अशा तहानेची किंमत शहरातल्या पेट्रोलपंपावरच्या किमतीहून कितीतरी जास्त पडते.

जिप्सीने काय साधले

मारुतीची जिप्सी भारतात १९८५ च्या अखेरीस आली. पहिले इंजिन १ लिटरच्या आतले, शक्ती अवघी ४५ अश्वशक्ती. १९९६ मध्ये १.३ लिटरचे इंजिन बसले, आणि पुढे इंधन फवारणीची आधुनिक पद्धत आल्यावर शक्ती ८० अश्वशक्तीच्या घरात गेली. सैन्याने १९९० च्या दशकापासून ती हजारोंच्या संख्येने घेतली आणि जीप व जोंगा हळूहळू मागे पडल्या.

कापडी छताच्या जिप्सीचे वजन सुमारे १ टन आणि लष्करी वर्गवारीत तिचे ओझे ५०० किलो. म्हणजे गाडीचा भार २. अमेरिकी सैन्याने १९४० साली जे गुणोत्तर मागितले आणि जे कोणालाच देता आले नाही, ते सुमारे अर्ध्या शतकानंतर या जपानी आराखड्याच्या गाडीने गाठले. तिच्या लोकप्रियतेचे रहस्य रुबाबात नसून येथे आहे, असे आम्हाला वाटते.

बाकीची रचनाही साधी होती. पुढे आणि मागे अखंड लोखंडी आस, आणि त्यांवर पाटे. पाट्यांमुळे बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होतात ही तक्रार खरी आहे. पण अखंड आसेचा एक फायदा सहसा सांगितला जात नाही. गाडीचा जमिनीला सर्वांत जवळ असणारा भाग म्हणजे आसेच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा. अखंड आस चाकांनाच जोडलेली असल्याने गाडीत कितीही माणसे बसली तरी या गोळ्याची जमिनीपासूनची उंची जवळजवळ तीच राहते. प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होणाऱ्या रचनेत मात्र ओझे चढले की स्प्रिंग दबतात आणि गाडीचे पोट खाली येते. जाहिरातीत छापलेली जमिनीपासूनची उंची कोणत्या अवस्थेत मोजली आहे, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा.

जिप्सीचे दोषही सांगितले पाहिजेत. गाडी अरुंद, मागे समोरासमोर बाके. अपघातात माणसांना वाचवण्याची व्यवस्था जुन्या काळची. अपघात-सुरक्षेचे नवे नियम आल्यावर २०१९ च्या सुमारास तिची सर्वसामान्य ग्राहकांसाठीची विक्री थांबली, ती याचमुळे. जवानाच्या जिवाची किंमत नागरिकाच्या जिवाहून कमी नसते, हे लक्षात घेतले तर या दोषाला ‘लष्करी गाडी आहे, चालायचेच’ असे म्हणता येणार नाही.

सफारी, स्कॉर्पिओ आणि ८०० किलोंची अट

सैन्याच्या गरजाही बदलल्या होत्या. बिनतारी संच, बॅटऱ्या, चिलखती जाकिटे, रात्री पाहण्याची साधने यांमुळे प्रत्येक जवानामागचे ओझे वाढले. सैन्याने नव्या वर्गाची अट ठरवली : किमान ८०० किलो ओझे, टणक छत आणि वातानुकूलन. या अटीत बसून टाटांच्या सफारी स्टॉर्मला एप्रिल २०१७ मध्ये ३,१९२ गाड्यांचा करार मिळाला. पुढे २०२३ मध्ये महिंद्रच्या स्कॉर्पिओ क्लासिकलाही आधी १,४७० आणि नंतर १,८५० गाड्यांची मागणी आली.

आता आपले माप लावून पाहू. सफारी स्टॉर्मच्या चारही चाकांना जोर देणाऱ्या नागरी नमुन्याचे वजन सुमारे २.१ टन. ओझे ८०० किलो धरले तर गाडीचा भार सुमारे २.६ येतो. ओझे ६० टक्क्यांनी वाढले, पण ते वाहणारी गाडी दुपटीहून जड झाली.

‘पण इंजिन किती जोरदार आहे!’ असे मुले म्हणतील. तेही तपासू. या गाडीचे इंजिन नागरी रूपात १५४ अश्वशक्तीचे. भरलेली गाडी २.१ अधिक ०.८, म्हणजे २.९ टन. दर टनामागे सुमारे ५३ अश्वशक्ती. जिप्सीची ८० अश्वशक्ती आणि भरलेले वजन १.५ टन, म्हणजे दर टनामागे तीही सुमारे ५३! जवळजवळ दुप्पट शक्तीचा जो डामडौल आकड्यांत दिसतो, तो सगळा वाढलेले वजन ओढण्यातच खर्च झाला. फळ्यावर हा हिशेब मांडला की वर्गातले दोन्ही पक्ष क्षणभर गप्प होतात.

येथेच थांबलो तर मात्र आम्ही अन्याय करू. नव्या गाडीच्या बाजूने तीन भक्कम मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा उंचीचा. समुद्रसपाटीपासून ४,५०० मीटर उंचीवर हवेची घनता सपाटीवरच्या जेमतेम ६३ टक्के असते. साधे इंजिन हवा स्वतःच आत ओढते. हवा विरळ झाली की त्याला कमी प्राणवायू मिळतो आणि शक्तीही साधारण त्याच प्रमाणात घटते. जिप्सीची ८० अश्वशक्ती लडाखच्या खिंडीत ५० च्या आसपास येते. नव्या डिझेल इंजिनांत टर्बोचार्जर असतो. धुराच्या जोरावर फिरणारा हा पंखा हवा दाबून आत ढकलतो, त्यामुळे घट बरीच भरून निघते. म्हणजे भंडाऱ्याच्या सपाटीवर बरोबरीत सुटलेल्या या दोन गाड्या लडाखमध्ये बरोबरीच्या राहत नाहीत.

दुसरा मुद्दा इंधनाचा. सैन्याच्या मालमोटारी डिझेलवर चालतात. त्यात हलकी गाडी पेट्रोलची असली तर दोन इंधनांचे साठे, दोन टँकर आणि दोन हिशेब ठेवावे लागतात. शिवाय पेट्रोलची वाफ चटकन पेटते. डिझेलची अडचण थंडीत येते, कारण त्यातले मेण गोठू लागते. त्यावरही उपाय निघाला आहे : लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये बाजारात आणले.

तिसरा मुद्दा सुरक्षेचा. टणक छत, मजबूत सांगाडा आणि चांगले ब्रेक यांनी अपघातातले मृत्यू कमी होतात, आणि डोंगरी रस्त्यांवर अपघात हा शत्रूइतकाच मोठा धोका असतो.

तेव्हा ८०० किलोंची अट आणि डिझेलची निवड आम्हाला रास्त वाटते. आमची टीका वेगळ्या गोष्टीवर आहे. साहेबांना मुख्यालयातून छावणीत नेणारी गाडी आणि गस्तीच्या तुकडीला चिखलवाटेने नेणारी गाडी या दोन कामांसाठी एकच अट लिहिली गेली. टणक छत व वातानुकूलन पहिल्या कामाला शोभते. दुसऱ्या कामात चटकन उतरता येणे, चहूकडे पाहता येणे आणि वजन कमी असणे जास्त मोलाचे. सैन्यालाही हा फरक जाणवला असावा असे आम्हाला वाटते, कारण २०२५ मध्ये पुण्याच्या फोर्स मोटर्सला गुरखा या गाडीची जी २,९७८ गाड्यांची मागणी मिळाली, ती ८०० किलो वर्गातल्या कापडी छताच्या गाडीची आहे.

धानाच्या बांधीतली परीक्षा

आता आपल्या जिल्ह्यातल्या जमिनीकडे येऊ. आषाढात रोवणीच्या वेळी धानाच्या बांधीत जो उतरला आहे, त्याला जमिनीवरचा दाब वेगळा शिकवावा लागत नाही. बैल पोटरीपर्यंत रुततो, ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावावी लागतात, आणि बंडी धुऱ्यावरच उभी राहते.

टायर जमिनीवर किती दाब देतो? ढोबळमानाने टायरमधल्या हवेच्या दाबाइतकाच. भरलेल्या जिप्सीचे वजन १,५०० किलो, म्हणजे प्रत्येक चाकावर ३७५ किलो. हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला २ किलो धरला तर प्रत्येक टायरला जमिनीवर सुमारे १८८ चौरस सेंटिमीटर जागा लागते. २.९ टनांच्या गाडीच्या प्रत्येक चाकावर ७२५ किलो येतात. तेवढ्याच दाबाला तिला ३६३ चौरस सेंटिमीटर जागा लागेल, म्हणजे टायर जास्त रुंद हवेत किंवा मोठ्या व्यासाचे हवेत. टायर रुंद केले तर प्रश्न सुटला असे वाटते, पण पूर्ण सुटत नाही. मातीच्या वरच्या थरातला ताण दाबावर अवलंबून असतो, तर खोलवरच्या थरातला ताण चाकावरच्या एकूण वजनावर अवलंबून असतो. वरचा थर टिकला तरी खालचा मऊ थर खचतो. पावसाळ्यात वरून कोरडा दिसणारा धुरा जड गाडीखाली अचानक बसतो, त्याचे कारण हेच.

गाडी रुतली की पुढचा प्रश्न डिफरन्शियलचा. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही योजना. पण तिचा एक दुर्गुण आहे. दोन्ही चाकांना ती सारखाच पीळ देते, आणि तो पीळ कमी पकड असलेल्या चाकाला जेवढा पेलतो तेवढाच असतो. एक चाक चिखलात गरगर फिरू लागले की कोरड्या जमिनीवरचे चाकही लुळे पडते. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीतसुद्धा पुढचे एक आणि मागचे एक चाक घसरले की गाडी जागीच थांबते. उपाय म्हणजे डिफरन्शियलला कुलूप लावण्याची सोय. गुरखा गाडीत ही सोय दोन्ही आसांना आहे आणि आमच्या मते ती वातानुकूलनापेक्षा जास्त लष्करी सोय आहे. गुरखाचे वजनही दोन टनांच्या आसपासच आहे, त्यामुळे वजनाची तक्रार तिलाही लागू होते. पण रुतल्यावर बाहेर निघण्याचे साधन तिने बरोबर ठेवले आहे.

दुरुस्तीचाही विचार करावा. पाटा तुटला तर खेड्यातला लोहारही तात्पुरता इलाज करू शकतो. नव्या डिझेल इंजिनात इंधन हजार वातावरणांहून अधिक दाबाने फवारले जाते. त्याला अतिशय स्वच्छ इंधन लागते, आणि बिघाड शोधायला संगणकी उपकरण लागते. यंत्र सुधारले की ते चालू ठेवणारी सगळी साखळी सुधारावी लागते. ही साखळी जेथे पोचत नाही तेथे उत्तम यंत्रही ठप्प होते.

चिलखत चढवले तर?

या विषयाची सर्वांत गंभीर बाजू आमच्या शेजारीच आहे. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात पोलिसांचे १५ जवान आणि गाडीचा चालक ठार झाले. ते एका खासगी गाडीतून चालले होते. भंडाऱ्याची सीमा गडचिरोलीला लागून आहे. आमच्या भागातली मुले पोलीस आणि सैन्यात जातात. आमच्यासाठी हा प्रश्न म्हणूनच मासिकाच्या पानापुरता नाही.

अशा घटनेनंतर साहजिकच म्हटले जाते : गाड्यांना चिलखत का नाही? अमेरिकी सैन्याने याचे उत्तर फार महागात शिकले. १९८० च्या दशकात त्यांनी जीपच्या जागी हमव्ही आणली. रुंद, बसकी आणि पोटाखाली सुमारे ४० सेंटिमीटर मोकळी जागा असलेली ही गाडी खडकाळ जमिनीवर उत्तम होती, पण मूळ रूपात बिनचिलखती. २००३ नंतर इराकमध्ये रस्त्याकडेच्या स्फोटांत ती बळी पडू लागली. मग तिच्यावर पोलादी पत्रे चढवले गेले. स्प्रिंगा, ब्रेक आणि इंजिन मूळ वजनासाठी आखलेले असल्याने ते थकू लागले. वरच्या बाजूला वजन वाढल्याने गाड्या उलटू लागल्या. आणि सपाट पोट सपाटच राहिले, त्यामुळे खालच्या स्फोटापासून संरक्षण अपुरेच पडले. शेवटी २००७ पासून पूर्णपणे वेगळ्या, व्ही आकाराच्या पोटाच्या, उंच आणि जड गाड्या मोठ्या संख्येने आणाव्या लागल्या.

यातला धडा रचनेविषयीचा आहे. संरक्षण हा नंतर वरून शिवण्याचा कोट नव्हे. ते आराखड्यातच यावे लागते. व्ही आकाराचे पोट स्फोटाचा जोर बाजूंना वळवते, आणि मोठे वस्तुमान गाडीला मिळणारा झटका कमी करते, कारण संवेग तोच असला तर वस्तुमान जास्त म्हणजे वेग कमी. पण अशा गाडीचे वजन सहज दहा टनांच्या पुढे जाते. ती धुऱ्यावरून किंवा लहान पुलावरून जाऊ शकत नाही, पक्का रस्ता सोडू शकत नाही. आणि जी गाडी ठरलेल्या रस्त्यावरूनच जाणार, तिची वाट अडवणे शत्रूला सोपे जाते. हलकी गाडी वाट बदलून वाचते, जड गाडी मार सोसून वाचते. दोन्ही गोष्टी एकाच गाडीकडून मागितल्या की दोन्ही अर्धवट मिळतात.

भारतीय सैन्याने मार्च २०२१ मध्ये महिंद्रच्या संरक्षण कंपनीशी १,३०० हलक्या विशेष गाड्यांचा करार केला. या गाड्या चिलखती म्हणूनच आखलेल्या आहेत. ही दिशा आम्हाला योग्य वाटते, कारण तीत साध्या गाडीवर पत्रे ठोकण्याचा मोह टाळलेला आहे. मात्र अशी गाडी आली म्हणून बिनचिलखती गाडी धोक्याच्या रस्त्यावर पाठवण्याची सवय आपोआप सुटत नाही. योग्य गाडी आवारात उभी आणि अयोग्य गाडी रस्त्यावर, असे झाले तर दोष आराखड्याचा नसतो. कोणती गाडी कोठे जाणार हे ठरवणाऱ्या माणसाचा असतो.

वर्गात करून पाहण्याजोगे

शिक्षकमित्रांसाठी दोन सोपे प्रयोग देतो.

पहिला, टायरचा ठसा. सायकलच्या मागच्या टायरला शाई लावावी आणि आलेखाच्या कागदावर ती एका विद्यार्थ्यासह उभी करावी. ठशातले चौकोन मोजून क्षेत्रफळ काढावे. मागच्या चाकाखाली वजनकाटा ठेवून त्यावरचे वजन घ्यावे. वजनाला क्षेत्रफळाने भागले की जमिनीवरचा दाब मिळतो. दुकानातल्या मापकाने हवेचा दाब मोजून दोन्हींची तुलना करावी. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, कारण टायरचा रबरही थोडा भार उचलतो. ते का जुळत नाहीत यावर चर्चा व्हावी, तोच खरा धडा. मग अर्धी हवा सोडून ठसा पुन्हा घ्यावा. वाळूत किंवा चिखलात चालक टायरची हवा का कमी करतात, हे न सांगता कळेल.

दुसरा, उलटण्याचा. खेळण्यातली गाडी फळीवर आडवी ठेवावी. ती घसरू नये म्हणून खालच्या चाकांना काडीचा अडसर द्यावा आणि फळी एका बाजूने उचलत जावी. गाडी कलंडते तो कोन कोनमापकाने घ्यावा. मग टपावर मातीचा गोळा चिकटवून पुन्हा करावे. हिशेब असा : दोन चाकांमधले अंतर १३० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ६५ सेंटिमीटर असेल तर अंतराच्या निम्म्याला उंचीने भागून १ मिळतो, म्हणजे गाडी ४५ अंशांवर कलंडेल. टपावर सामान लादून गुरुत्वमध्य ७५ सेंटिमीटरवर गेला तर हे गुणोत्तर ०.८७ होते आणि कोन ४१ अंशांवर येतो. फरक फक्त ४ अंशांचा दिसतो. पण वळणावरच्या वेगाला आणि एका चाकाखाली आलेल्या दगडाला हे ४ अंश पुरतात. हमव्हीवर पत्रे चढवल्यावर काय झाले ते मुलांना मातीच्या गोळ्यावरून कळेल. लग्नाच्या वऱ्हाडाची टपापर्यंत भरलेली गाडी का उलटते, हेही कळेल.

शेवटी पुन्हा त्या पहिल्या प्रश्नाकडे. जिप्सी चांगली की सफारी? आमचे उत्तर असे : पाचशे किलो ओझे, अरुंद वाट आणि मऊ जमीन असेल तर जिप्सीच्या रचनेला आजही तोड नाही. आठशे किलो, उंच खिंड आणि लांबचा रस्ता असेल तर नवी डिझेल गाडी. आणि वाटेत सुरुंग असण्याची शक्यता असेल तर दोन्ही नकोत. विद्यार्थ्याने यापुढे ‘चांगली गाडी कोणती’ असे न विचारता ‘कशासाठी’ असे विचारले, तर यंत्रांचा पाठ सार्थकी लागला असे आम्ही समजू.